स्तनशस्त्रक्रियेनंतरचे कामजीवन

माझ्या थोरल्या मावशीचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले त्याला आता बरीच वर्षे लोटली, परंतु तिच्या उपचारांची फाईल अद्याप माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने बांधलेली, कोपरे झिजलेली. तीत गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये नमूद केलेला आहे, काखेतल्या किती गाठी काढल्या आणि त्यांपैकी कितींत रोग सापडला याची नोंद आहे, किमोच्या प्रत्येक खेपेपूर्वीचे रक्ताचे रिपोर्ट आहेत, लाइट किती दिवस दिला त्याचा तक्ता आहे, आणि पुढील अकरा वर्षांच्या फेरतपासणीच्या तारखा निरनिराळ्या हस्ताक्षरांत आहेत. या साऱ्या दप्तरात एकच बाब कोठेही आलेली नाही, ती ही की, ऑपरेशनच्या वेळी ४८ वर्षांची असलेली आणि पाव शतकाहून अधिक काळ संसार केलेली ही स्त्री आपल्या पतीशेजारी पूर्वीसारखी सुखाने निजू शकते की नाही. ती कोणी हेतुपुरस्सर वगळली असे मला वाटत नाही. केसपेपरावर तिच्यासाठी रकानाच नव्हता.

त्या न आखलेल्या रकान्याविषयी लिहिण्यास प्रवृत्त होण्याचे कारण असे की, या रोगातून वाचणाऱ्या स्त्रियांची संख्या आता थोडीथोडकी राहिलेली नाही. जगात २०२२ साली सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. भारतात ती संख्या १ लाख ९२ हजारांच्या घरात होती, आणि पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने आपल्याकडील रुग्ण स्त्रीचे वय सरासरीने सुमारे दहा वर्षांनी कमी असते, म्हणजे संसार ऐन भरात असतानाच हा घाला पडतो. वेळीच निदान झाले तर यांतील पुष्कळजणी पुढे वीस-वीस, तीस-तीस वर्षे जगतात. त्या वर्षांत त्यांच्या शरीराच्या वाट्याला सुखाचा काही अंश येतो की केवळ औषधांच्या वेळा येतात, याची चौकशी करणे हे वैद्यकाचे काम आहे, आणि ते त्याने फार उशिरा अंगावर घेतले.

उशीर का झाला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८८२ साली अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड या शस्त्रवैद्याने स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असा सारा प्रदेश एकत्र कोरून काढण्याची पद्धत सुरू केली, आणि त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ या रोगाच्या चिकित्सेवर तिचाच अंमल राहिला. बरगड्यांवर नुसती त्वचा ताणून बसलेली छाती, खोल गेलेली काख आणि सुजून जड झालेला हात घेऊन ती स्त्री घरी परतत असे; ती जिवंत परतली याचेच अप्रूप इतके मोठे होते की तिच्या अन्य कोणत्याही तक्रारीला कृतघ्नपणाचा वास येई. पुढे पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी यांनी हजारो स्त्रियांच्या साहाय्याने पद्धतशीर चाचण्या करून, गाठ आणि तिच्या सभोवतालचा भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मान तेवढेच राहते, हे सिद्ध केले. २००२ साली त्या दोघांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले, तेव्हा स्तन वाचविण्याच्या शस्त्रक्रियेला उघड विरोध करण्यास कोणालाही आधार उरला नाही.

दरम्यान रुग्ण स्त्रियांनी स्वतःही काही हालचाल केली होती. १९५२ साली शस्त्रक्रिया झालेल्या टेरीज लासर या अमेरिकन बाईंनी इस्पितळांतून नव्या रुग्णांना भेटण्याचा परिपाठ सुरू केला. त्या जाताना हाताच्या व्यायामाचे साहित्य नेत, धीर देत, आणि अंगरख्याखाली घालावयाचा तात्पुरता कृत्रिम स्तनही नेत. या उपक्रमाला पुढे ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने मोठे रूप आले. त्यांच्या कार्याचे मोल कमी नाही. परंतु १९७८ साली स्तन गमावलेली ऑड्री लॉर्ड ही कवयित्री, तिला देऊ केलेला लोकरीचा तो गोळा नाकारून, १९८० साली ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात वेगळीच कैफियत मांडती झाली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, सर्वांचा आग्रह आहे तो आम्ही पूर्वीसारख्या दिसावे याचा; आम्हांला काय वाटते, आमचे शरीर आम्हांला कसे जाणवते, हे ऐकण्यास कोणी थांबत नाही. या प्रश्नावरचे पुष्कळसे वाङ्मय वाचल्यावर मला असे दिसते की, लॉर्डने बोट ठेवले ते नेमक्या ठिकाणी. दिसण्याचा विचार पुष्कळ झाला. जाणवण्याचा अगदी अलीकडे सुरू झाला आहे.

स्तन वाचला म्हणजे कामसुखही वाचले, असे प्रारंभी गृहीत धरले गेले होते. स्तन राखलेल्या स्त्रिया आपल्या शरीराविषयी अधिक समाधानी असतात, हे अनेक पाहण्यांत खरे ठरले. मात्र प्रत्यक्ष समागमातील सुख, इच्छा आणि वेदना यांच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रियांतील अंतर अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाले. कॅलिफोर्नियातील पॅट्रिशिया गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामजीवन कोणत्या गोष्टींवर अवलंबून राहते याचा शोध घेतला होता. उत्तरात योनिमार्गाचा कोरडेपणा अग्रभागी आला, आणि त्याच्या जोडीला मनःस्वास्थ्य, स्वतःच्या शरीराविषयीची भावना, जोडीदाराशी असलेले नाते आणि जोडीदाराची स्वतःची लैंगिक अडचण या गोष्टी आल्या. छातीवरची जखम पाहून ज्या अडचणीची आपण कल्पना करतो तिच्यापेक्षा वेगळीच, न दिसणारी अडचण अधिक बलवत्तर ठरली.

तरीही छातीचा विचार टाळून चालणार नाही. स्तनाग्राला संवेदना पुरविण्याचे काम मुख्यत्वे चौथ्या बरगडीलगतच्या मज्जातंतूकडे असते, आणि शस्त्रक्रियेत तो बहुधा तुटतो. २०११ साली बॅरी कोमिसारुक यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून असे दाखविले की, स्तनाग्राला झालेला स्पर्श मेंदूच्या त्याच भागाला जागवितो ज्याला जननेंद्रियाचा स्पर्श जागवितो. यावरून, स्तन गेला म्हणजे एक अलंकार गेला असे म्हणणाऱ्यांना शरीराची रचनाच ठाऊक नाही, असे म्हणावे लागते. काखेतून दंडाकडे जाणारा आणखी एक मज्जातंतू गाठी काढताना दुखावतो, त्यामुळे दंडाची आतली बाजू बधिर होते आणि त्या बधिरतेच्या कडेला मात्र कपड्याचा स्पर्शही चटका दिल्यासारखा बोचतो. माझी मावशी डाव्या कुशीवर कधीच वळत नसे, आणि तिच्या नवऱ्याची जागा पलंगावर सव्वीस वर्षे डाव्याच बाजूला होती. दोघांनी जागा बदलाव्यात, एक मऊ उशी हाताखाली घ्यावी, एवढी साधी सूचना त्यांना कोणी दिली नाही, आणि त्यांना ती आपण होऊन सुचली नाही. काका काही महिन्यांनी सोप्यात निजू लागले.

स्तनाच्या पुनर्रचनेविषयी थोडक्यात लिहिते. सिलिकॉनची पिशवी १९६२ पासून आणि ओटीपोटाच्या मांसाचा स्तन घडविण्याची शस्त्रक्रिया १९८२ पासून उपलब्ध आहे. जिला ती परवडते आणि हवी असते तिने ती अवश्य करून घ्यावी. मात्र घडविलेला स्तन आकाराने कितीही हुबेहूब असला तरी बहुधा तो बधिर असतो, आणि हे आधी सांगितले गेले नाही म्हणजे निराशा पदरी येते. मज्जातंतू पुन्हा जोडण्याचे प्रयत्न आता कोठे सुरू झाले आहेत. आपल्याकडील बहुसंख्य स्त्रिया ब्लाउजच्या आत शिवून घेतलेल्या कप्प्यात कापसाची घडी ठेवतात. ती हलकी असल्याने हात वर केला की वर सरकते, आणि मग लग्नाच्या पंगतीत वाढताना पदराखाली हात घालून ती जागेवर आणावी लागते. हे करताना मावशीच्या चेहऱ्यावर जो भाव येई तो मी विसरलेली नाही.

आता त्या न दिसणाऱ्या अडचणीकडे वळू, कारण या लेखाचा गाभा तेथे आहे. अनेक स्तनकर्करोगांची वाढ स्त्रीशरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकावर होत असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पाच, कित्येकदा दहा वर्षे, रोज एक गोळी घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेन असेल तर ती इस्ट्रोजेनला पेशीच्या दारातच अडविते, आणि लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल असेल तर शरीरात ते तयारच होऊ देत नाही. या गोळ्यांनी असंख्य प्राण वाचविले आहेत आणि त्या कोणीही परस्पर बंद करू नयेत. परंतु योनीची अंतस्त्वचा ओली, जाड आणि लवचीक राहते ती याच इस्ट्रोजेनच्या जोरावर. त्याची रसद तुटली की ती त्वचा पातळ, कोरडी आणि ठिसूळ होते, जराशा घर्षणाने सोलवटते, लघवीला जळजळ होते, आणि समागमाचा प्रयत्न वस्तऱ्यासारखा कापत जातो. किमोने अंडाशय थकले तर ४० वर्षांच्या स्त्रीची पाळी दोन-तीन महिन्यांत जाते, आणि निसर्गाने काही वर्षांत हळूहळू घडवावयाचा बदल तिच्या अंगावर एकदम कोसळतो. स्त्रिया याला आपल्या भाषेत ‘आग होते’, ‘आत काटे आल्यासारखे वाटते’, ‘मनच होत नाही’ असे म्हणतात. त्यांतील तिसरे वाक्य पहिल्या दोहोंचा परिणाम असतो, हे समजून घेतले पाहिजे. जे कृत्य दर वेळी दुखते त्याची इच्छा कोणत्याही प्राण्याला होत नाही, आणि ज्या स्त्रीला पती ‘तुझे माझ्यावरचे प्रेम आटले’ असा दोष देतो तिची व्यथा पुष्कळदा त्वचेच्या एका पातळ पापुद्र्याची असते.

आणि या पापुद्र्यावर इलाज आहेत. ते फार महाग नाहीत, आणि तेच आजवर सांगितले गेले नाहीत याचा मला विषाद वाटतो. आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने वापरण्याचे, संप्रेरक नसलेले ओलावा राखणारे मलम ही एक गोष्ट. समागमाच्या वेळी लावण्याचे पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण ही दुसरी. या दोहोंची कामे भिन्न आहेत आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. खोबरेल तेल आपल्या घरोघर असते आणि पुष्कळजणींना ते मानवते, मात्र त्याने रबरी कंडोम फाटतो हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण मोलाच्या अभ्यासात, दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या ४६ स्त्रियांना तपासता असे आढळले की, दुखण्याचे मूळ आत नव्हे तर योनिमुखाच्या कडेवर असते. तेथे समागमापूर्वी तीन मिनिटे लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा बोळा धरल्यावर, पुढे पाठपुरावा झालेल्या ४१ जणींपैकी ३७ जणींना विनावेदना समागम शक्य झाला. वर्षानुवर्षे अंथरूण वेगळे केलेल्या दांपत्यांच्या बाबतीत, कापसाचा एक बोळा आणि तीन मिनिटे!

इस्ट्रोजेनचे मलम योनीत लावावे की नाही, हा वादाचा मामला आहे. स्वीडनमधील एका चाचणीत या स्त्रियांना तोंडावाटे संप्रेरके दिल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण इतके वाढले की २००३ च्या डिसेंबरात ती चाचणी थांबवावी लागली, आणि तेव्हापासून इस्ट्रोजेन हा शब्द उच्चारण्यासही डॉक्टर कचरू लागले. योनीपुरत्या अल्प मात्रेची गोष्ट निराळी आहे. ब्रिटनमधील सुमारे ४९ हजार रुग्ण स्त्रियांच्या नोंदी तपासता अशा मलमाने कर्करोगाने मरण्याचा धोका वाढल्याचे दिसले नाही. डेन्मार्कमधील २०२२ च्या पाहणीत मात्र लेट्रोझोलच्या वर्गातील गोळ्या चालू असताना ते वापरणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. तेव्हा आधी संप्रेरकविरहित उपाय, त्याने भागले नाही तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलून आणि चालू गोळी कोणती हे पाहून निर्णय, हाच सध्याचा शहाणा शिरस्ता आहे. इच्छा वाढावी म्हणून टेस्टोस्टेरॉनचे मलम देऊन पाहिले गेले, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते नुसत्या बिनऔषधी मलमाहून सरस ठरले नाही.

येथे एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे, कारण ती न सांगितल्याने अनर्थ होतात. किमोने पाळी बंद झाली म्हणजे गर्भधारणा अशक्य झाली, असे नव्हे. आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर त्या गर्भाला धोका असतो. गर्भनिरोधक गोळ्यांत संप्रेरके असल्याने त्या या स्त्रियांना वर्ज्य आहेत. उरतात तांबी आणि कंडोम. तरुण रुग्णेला डिस्चार्जच्या कागदाबरोबर हे दोन शब्द सांगणे ही दोन मिनिटांची तजवीज आहे.

पतीविषयी पुष्कळ गैरसमज आहेत, त्यांतील काही पत्नीच्या मनात आणि काही त्याच्या स्वतःच्या मनात. हा रोग संसर्गाने लागतो, जवळ गेल्याने उलटतो, असल्या समजुतींनी कित्येक घरांत अंथरुणे वेगळी झाली आहेत. वास्तविक किमो दिल्यावर दोन-तीन दिवस कंडोम वापरावा आणि रक्तातील पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तेव्हा जपावे, यापलीकडे शरीरसंबंधाला बंधन नाही. नवरा जवळ येत नाही तो किळस वाटते म्हणून, असे स्त्री मानते. नवरा मात्र बहुधा, आपला हात लागून तिला दुखेल, आणि अशा वेळी आपण हे मागणे लाजिरवाणे आहे, या धास्तीने दूर राहतो. ती त्याच्या दूर राहण्याने दुखावते, तो तिच्या अंग चोरण्याने. आणि दोघेही एकमेकांवर दया करीत करीत परके होतात. सोडून जाणारे पती नसतातच असे मी म्हणत नाही, आपल्या समाजात अशा हकिकती ऐकू येतात; पण डेन्मार्कमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्तनाच्या कर्करोगानंतर घटस्फोटाचे प्रमाण इतर दांपत्यांपेक्षा अधिक आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे. पतीने जखम पहिल्यांदा कधी पाहावी, टाके असतानाच की पुढे, दिव्याच्या उजेडात की अंधारात, हे त्या स्त्रीने ठरवावे. परंतु तो दिवस फार लांबू नये, कारण जी गोष्ट झाकली जाते तिची कल्पना खऱ्या जखमेपेक्षा भयंकर होत जाते. आणि जिला पती नाही, जी विधवा, परित्यक्ता किंवा अविवाहित आहे, किंवा जिची जोडीदार स्त्री आहे, तिला हा प्रश्नच नाही असे गृहीत धरणे तर सर्वांत क्रूर.

मग बोलावे कोणी? आपल्याकडे या विषयावर मराठीत स्वच्छपणे लिहिणारे एक गृहस्थ होऊन गेले. हॉल्स्टेडने ती शस्त्रक्रिया सुरू केली त्याच १८८२ साली जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, खटले सोसले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आणि कामसुख हा स्त्रीचाही हक्क आहे हे त्यांनी त्या काळात सांगितले. त्यांच्या भाषेचा सरळपणा आजच्या ओपीडीत उतरला असता तर पुष्कळ स्त्रियांचे दुःख वाचले असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ साली चिकित्सकांसाठी एक पायऱ्यांची पद्धत सुचविली, तीत पहिली पायरी आहे परवानगीची: हा विषय येथे बोलता येतो, एवढे रुग्णाला कळू देणे. त्याहून वरच्या पायऱ्या, म्हणजे थोडी माहिती, नेमक्या सूचना आणि शेवटी तज्ज्ञाकडे रवानगी, यांची गरज उत्तरोत्तर कमी स्त्रियांना लागते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली त्यांतही पहिला भार याच गोष्टीवर आहे की, विषय काढण्याची जबाबदारी रुग्णावर न टाकता उपचार करणाऱ्यांनी घ्यावी. मोजण्याची साधनेही आहेत. २००० साली तयार झालेली १९ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते, आणि २००९ च्या ‘ब्रेस्ट-क्यू’ या प्रश्नसंचात लैंगिक स्वास्थ्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. पण ज्या ओपीडीत एका टेबलाशी दोन रुग्ण, दारात चार नातेवाईक आणि मध्ये अर्धा ओढलेला पडदा असतो तेथे छापील प्रश्नावली काय करील? तेथे पडदा पूर्ण ओढणारी, नातेवाइकांना बाहेर बसविणारी आणि हलक्या आवाजात एक प्रश्न विचारणारी परिचारिका हवी.

मावशीला तो प्रश्न अकराव्या वर्षीच्या फेरतपासणीत विचारला गेला. नव्याने रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरीण बाईंनी फाईल चाळली, छाती आणि काख तपासली, आणि मग फाईल मिटून विचारले, ‘‘काकू, खाली कोरडेपणा, आग, दुखणे असे काही होते का?’’ मी बाजूच्या स्टुलावर बसले होते. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. काका जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

‘‘होतं ना,’’ ती अखेर म्हणाली. ‘‘पहिल्यापासून होतं. पण आता हे नाहीत, आता त्याचं काय?’’

‘‘त्यांच्यासाठी नाही विचारलं, काकू. बसताना, चालताना, लघवीला त्रास होत असेल ना? तुमच्यासाठी विचारलं.’’

आणि त्यांनी फाईलच्या समासात, जेथे रकाना नव्हता तेथे, दोन ओळी लिहिल्या आणि एका मलमाची चिठ्ठी दिली. परतीच्या एसटीत मावशी खिडकीशी बसून होती. गाव येईपर्यंत ती एवढेच म्हणाली की, हे पहिल्या वर्षी कळलं असतं तर ह्यांना सोप्यात निजावं लागलं नसतं. स्टँडवर उतरल्यावर, आजवर तिची सारी औषधे मीच आणीत आले असल्याने, मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला. तिने ती दिली नाही. पदर सावरून ती रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानात स्वतः गेली.